नानासाहेब खऱ्यांचा राजीनामा

"कोणाचा आक्षेप नसेल, तर राजीनामा मंजूर झाला असं मी जाहीर करतो," मी म्हणालो.

आक्षेप कोणाचाच नव्हता. निदान तोंडाने कोणी बोललं नाही. डोंबिवलीतल्या त्या ओटीवर वीस-बावीस माणसं मांडी घालून बसली होती आणि सगळीच्या सगळी माझ्याकडे टकामका बघत होती. मला वाटलं, इतक्या शिस्तीत चाललेली सभा त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली असावी. मी घड्याळ बघितलं आणि शेवटचा, आभाराचा विषय पुकारला.

ज्यांचा राजीनामा मंजूर झाला ते नानासाहेब खरे जागेवरून उठले. सगळ्यांना नमस्कार केला, मधलं दार उघडून आत गेले आणि दार लावून घेतलं. घर त्यांचंच होतं, तेव्हा अडवणार कोण? आत स्वयंपाकाच्या बाई सभेसाठी पोहे करत होत्या. वास छान येत होता. त्या दिवशी बाहेर आला तो फक्त वासच.

मी तिथे कशाला कडमडलो होतो, ते सांगतो. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि देशात दोन पिकं जोमात आली होती : संस्था, आणि संस्थांना मार्गदर्शन करणारे. मी दुसऱ्या पिकातला. ठाण्यात आमचं ऑफिस होतं आणि माझा हुद्दा होता मार्गदर्शक-संघटक. गावोगावची वाचनालयं, महिला मंडळं, व्यायामशाळा, शिशुविहार यांच्या चालकांना संस्था कशी चालवावी हे मी शिकवायचं. मी स्वतः एकही संस्था कधी चालवली नव्हती. ही अडचण आहे असं ऑफिसात कोणाला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

'सभा कशी चालवावी' नावाचं दहा पानी पत्रक मी लिहिलं होतं. अजेंडा म्हणजे काय, कोरम म्हणजे काय, सगळं त्यात होतं. ठराव मांडतो तो सूचक, त्याला उभं राहून पाठिंबा देतो तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच आटोपला, त्यावर चर्चासुद्धा करायची नाही. हे मी जिल्हाभर घसा फोडून सांगत हिंडत होतो. परिणामही दिसत होता. खडवलीच्या भजनी मंडळाने माझं मार्गदर्शन इतकं मनावर घेतलं, की प्रत्येक अभंगाला आधी सूचक आणि अनुमोदक लागू लागले. मध्यरात्रीपर्यंत चालणारं त्यांचं भजन आता पहाटेपर्यंत चाले, आणि गायले जात चारच अभंग.

डोंबिवलीचा शिशुविहार ही आमच्या ऑफिसची लाडकी संस्था. चाळीसेक मुलं, एक शिक्षिका, आणि जागा म्हणजे चिटणीस नानासाहेब खऱ्यांची ओटी. नानासाहेब रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. संस्था त्यांनीच काढली होती. अध्यक्ष कल्याणचे एक वकील होते. ते फक्त लेटरहेडवर हजर असत. म्हणून वार्षिक सभेला अध्यक्ष म्हणून मी बसावं आणि 'आदर्श सभा' करून दाखवावी, असं आमच्या साहेबांनी ठरवलं. तशी ती मी करून दाखवली.

पोहे येत नाहीत हे पक्कं झाल्यावर मंडळी उठली. अंगणात मला कमलाबाई सोमणांनी गाठलं. शाळेची शिक्षिका त्याच, संस्थेची सहचिटणीसही त्याच. कामं सगळी त्या करायच्या आणि नाव तेवढं करायच्या नाहीत.

"सर, तुम्ही हे काय केलंत?"

"काय केलं? राजीनामा आला, मंजूर झाला."

"अहो, तो दर वर्षी येतो."

मग मला ती पद्धत कळली. सभेच्या शेवटी नानासाहेब एक बंद पाकीट टेबलावर ठेवत आणि म्हणत, "यात माझा राजीनामा आहे. आता तरुणांनी पुढे यावं." त्यावर गोडबोले मास्तर ताडकन उभे राहात. "पाकीट फोडायचं नाही! नानासाहेबांशिवाय संस्था पोरकी होईल!" टाळ्या पडत. कमलाबाई अनुमोदन देत. नानासाहेब पाकीट खिशात घालत आणि म्हणत, "लोकाग्रहापुढे माझा नाइलाज आहे." की लगेच पोहे आणि कॉफी. आठ वर्षं हे बिनचूक चाललं होतं. कोणी कधी पाकीट फोडलं नव्हतं.

"मग आज मास्तर का नाही उठले?"

"ते आलेच नाहीत. ताप आलाय त्यांना."

"मग दुसऱ्या कोणी उठायचं!"

कमलाबाईंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "मास्तरांचं भाषण दुसरं कोण कसं करणार, सर? त्यांना काय वाटेल?"

म्हणजे बावीस माणसं गप्प बसली ती मास्तरांचा मान राखायला. आणि मास्तर घरी पांघरूण घेऊन पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं सामान, म्हणजे कपाट, फळा, चटया आणि खेळण्यांची पेटी, ओट्याच्या कडेला नीट लावून ठेवलेलं होतं. वर किल्ली, आणि एक चिठ्ठी : 'पदावरून मुक्त झालो आहे. सामान संस्थेचे आहे. जागेची अन्यत्र सोय व्हावी.' दार बंद. मुलं उन्हात उभी. गावभर एकच बोलणं : नानासाहेब भयंकर चिडलेत. शेवटी सोय केली ती जोमा पाटलांनी. पाटील तिथले जुने आगरी, स्टेशनामागची बरीचशी जमीन त्यांची. संस्थेच्या कमिटीवर ते होते, पण सभेत कधी बोलत नसत.

"नाना रागावला हाय का नाय, ता मना म्हाईत नाय," ते मला म्हणाले. "पन पोरां उन्हात हान. माजी पडवी घ्या. पेंढा काढून टाकतो."

"पाटील, काल तुम्ही तरी बोलायचं होतं."

"मना वाटला, शिकल्याल्या लोकांची पद्धत आसल. पन येक सांगा, मास्तर नाय आला म्हनून बाकीचे कोनच बोल्ले नाय? तोंडां काय भाड्यानी दिल्याली?"



ठाण्याला मेहेंदळेसाहेब वाटच बघत होते. साहेब तसे भले, पण वरच्यांना पाठवलेला रिपोर्ट खोटा ठरतो म्हटलं की त्यांच्या कपाळावर एक शीर उभी राहायची. ती उभी होती.

"सबनीस, तुम्हाला सभा चालवायला पाठवलं होतं की संस्था बुडवायला?"

"साहेब, नियमाप्रमाणे राजीनामा आला की—"

"नियम मला शिकवू नका. तुमचं ते पत्रक मीच छापून घेतलंय. पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर शाळा बघायला येतोय. चिटणीस नानासाहेब खरे, जागा नानासाहेबांची ओटी, असं मी लिहून दिलंय. तो येऊन काय बघणार? पेंढा?"

"पेंढा काढलाय साहेब."

"शाळेला मान्यता मिळाली नाही तर शाळा बंद. चाळीस पोरं घरी, त्या बाई घरी, आणि तुम्ही खडवलीला. कायमचे. तो राजीनामा परत फिरवा."

झालेला ठराव फिरवायचा तर खास सभा लागते आणि खास सभेला आठ दिवसांची नोटीस लागते. हा नियम माझ्याच पत्रकात सातव्या पानावर होता. नोटीस काढली. मधल्या दिवसांत नानासाहेबांची समजूत घालायची, म्हणजे सभा नुसती नावाला उरेल. हे काम मी फार हुशारीने केलं, असं मला त्या वेळी वाटत होतं.

मास्तरांचा ताप उतरल्यावर मी शिष्टमंडळ जमवलं. शाल घेतली, श्रीफळ घेतलं. मास्तरांनी ओट्यावर उभं राहून ते भाषण केलं. आठवडाभर तुंबलेलं असल्यामुळे अंमळ लांबलंच. "संस्था पोरकी झाली" इथे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं.

नानासाहेब दारात उभे राहून ऐकत होते. एकदा त्यांनी मागे वळून मधल्या दाराकडे बघितलं. "नाही, पण आता..." असं काहीतरी म्हणायला त्यांनी सुरुवात केली.

"आता पण नाही नि परंतु नाही!" मास्तर म्हणाले आणि शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

"बरं," नानासाहेब म्हणाले. "तुम्ही सगळे म्हणताय तर. येईन सभेला."

परतताना मी मनातल्या मनात साहेबांना तार करत होतो : कामगिरी फत्ते. लोकांचं मन वळवणं हे शास्त्र आहे आणि ते मला अवगत आहे, असं मी मास्तरांना वाटेत सांगितल्याचंही आठवतं.

खास सभेच्या आदल्या दिवशी मी प्रोसिडिंग, म्हणजे सभेचा वृत्तान्त, तपासायला पाटलांच्या पडवीत गेलो. मुलं सुटली होती. कमलाबाईंनी वही पुढे ठेवली आणि तिच्यावर ते पाकीट ठेवलं.

"हे इतिवृत्ताला जोडायचं ना, सर? आलेला पत्रव्यवहार वाचून, नोंद करून मग जोडावा, असं तुमच्या पत्रकात आहे."

आपलंच पत्रक आपल्यावर उलटतं तेव्हा माणसाने मुकाट्याने पाकीट फोडावं. मी फोडलं. एक कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. अक्षर पार्सल ऑफिसातलं, ठळक नि सरळ.

सारांश असा होता. 'माझी पत्नी तीन वर्षे अर्धांगाने अंथरुणावर आहे. तिला रात्री झोप नसते. दिवसा थोडा डोळा लागतो, पण तेव्हा शाळा भरलेली असते. मुलांना गप्प बसवणे बरे नव्हे, आणि तिलाही ते आवडत नाही. तिला जे काही दिवस असतील त्यांत घरी शांतता असावी व मी तिच्याजवळ असावे, एवढीच इच्छा आहे. कारण कोणास सांगू नये असा तिचा आग्रह आहे. आपल्यामुळे पोरांची शाळा हलली असे तिला होऊ द्यायचे नाही. तरी हे पत्र सभेत मोठ्याने वाचू नये.'

मी कागद कमलाबाईंना दिला. वाचून त्यांनी त्याची घडीवर घडी घातली.

माई, म्हणजे नानासाहेबांची पत्नी, अंथरुणाला खिळल्या आहेत हे डोंबिवलीत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आळीतल्या बायका आळीपाळीने मऊ भात आणि आमसुलाचं सार घेऊन जायच्या. नारायण तेल कुठलं चांगलं यावर सगळ्यांची मतं होती. फक्त ओटीवर चाळीस मुलं आणि भिंतीपलीकडे त्या, हे दोन्ही एकत्र करून कोणी पाहिलं नव्हतं. कमलाबाई हळूच म्हणाल्या, "मी रोज त्या भिंतीला टेकून गाणी घ्यायचे." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी तसाच नानासाहेबांकडे गेलो. ते ओट्यावर बसून आडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी पाकिटाचं सांगितलं. त्यांनी हातातली सुपारी आधी पुरी कातरली.

"पहिली पाच वर्षं ते पाकीट रिकामंच असायचं," ते म्हणाले. "लोक थांबवणार हे माहीत होतं ना. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग हिचं हे झालं. तेव्हापासून आत कागद असतो."

"मग स्पष्ट सांगायचं, नानासाहेब! परवा आम्ही आलो तेव्हा तरी."

"दहा माणसं उन्हातून शाल घेऊन दारात येतात. नाही कसं म्हणायचं? ते मला कधी जमलेलं नाही." त्यांनी आडकित्ता मिटला. "त्या दिवशी तुम्ही मंजूर म्हणालात, तेव्हा आत जाऊन आधी हिला सांगितलं. म्हटलं, सुटलो गं. किती दिवसांनी हसली ती. मग तुम्ही आलात शाल घेऊन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरीत पुढे मी चुका पुष्कळ केल्या, त्यातल्या बहुतेक मला आज आठवतही नाहीत. ती शाल मात्र मी माझ्या पगारातून, दुकानात दोनदा रंग बदलून आणली होती.

"उद्या सभेत—" मी म्हणालो.

"शब्द दिलाय मी. लोक म्हणतील तसं. पण ते पत्र वाचू नका. हिला कळेल."

परत पडवीत आलो. कमलाबाई कुलूप लावत होत्या.

"तुम्ही काहीतरी करा, सर. तुम्ही मार्गदर्शक आहात."

"मी अध्यक्ष आहे. अध्यक्षाला बाजू घेता येत नाही. कारण सांगता येत नाही. मास्तर ठराव मांडणार, त्यांना कोण थांबवणार?"

"ठराव मास्तर मांडतात," त्या म्हणाल्या. "अनुमोदन दर वर्षी मी देते."

"हो."

"दुसरं कोणी देत नाही."

"नाही देत."

"बरं," असं म्हणून त्यांनी किल्ली कनवटीला लावली आणि घरी गेल्या.

खास सभा पडवीतच झाली. मेहेंदळेसाहेब जातीने हजर होते. त्यांना खुर्ची होती, मला खुर्ची होती, बाकी मंडळी चटयांवर. नानासाहेब कोट-टोपी घालून पुढे बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. साहेबांच्या कपाळावरची शीर आज निवांत होती.

मास्तर उठले. संस्था पुन्हा एकदा पोरकी झाली. "नानासाहेबांनी राजीनामा मागे घेऊन चिटणीसपद पुन्हा स्वीकारावे, असा ठराव मी मांडतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अनुमोदक?" मी विचारलं.

सगळ्यांनी कमलाबाईंकडे बघितलं. कमलाबाई खाली मान घालून प्रोसिडिंग लिहीत होत्या. फार सुवाच्य लिहीत असाव्यात, कारण मान वर होईना.

"अनुमोदक?" मी दुसऱ्यांदा म्हणालो.

मंडळी चुळबुळली. एकमेकांना कोपरं लागली. पण बाई समोर बसलेल्या असताना त्यांचं अनुमोदन दुसऱ्याने कसं द्यायचं? साहेब माझ्याकडे डोळे वटारून भुवयांनी काहीतरी सुचवत होते. पाहुण्याला अनुमोदन देता येत नाही हे त्यांना माहीत होतं. पान तीन.

तिसऱ्यांदा विचारणार, एवढ्यात मागच्या चटईवर हालचाल झाली. जोमा पाटील गुडघ्यावर हात टेकून उठत होते. तो सज्जन माणूस मागच्या सभेत गप्प राहिल्याचं मनाला लावून बसला होता, आणि या खेपेला संस्थेची लाज राखायची असं त्याने ठरवलं होतं.

"कोन नाय तर मी—"

"पाटील, बसा," कमलाबाई म्हणाल्या. मान वर न करता. चाळीस मुलांना रोज बसवणारा आवाज होता तो. पाटील बसले. त्यांच्याबरोबर नुकतीच उठू लागलेली आणखी दोन माणसंही बसली.

"अनुमोदक?" मी म्हणालो, आणि पत्रकात सांगितलंय त्यापेक्षा पुष्कळच कमी वेळ थांबलो. "अनुमोदन नसल्यामुळे ठराव बारगळला."

नानासाहेब उठले. कमलाबाईंकडे बघून त्यांनी हात जोडले, मग माझ्याकडे बघून. पायऱ्या उतरून घराकडे चालू लागले, आणि वळणापर्यंत जाईतो ते जवळजवळ धावत होते.

"बघा," कोणीतरी म्हणालं, "किती लागलंय त्यांना."

मास्तर माझ्यापाशी आले. "म्हणजे माझ्या भाषणाचा काहीच उपयोग नाही?" मी म्हटलं, भाषण उत्तम होतं. ते खरंच उत्तम होतं.

त्याच सभेत कमलाबाई चिटणीस झाल्या. अनुमोदन पाटलांनी दिलं, आणि या वेळी त्यांना कोणी बसवलं नाही. इन्स्पेक्टर आले, त्यांना पडवीत दोनदा शिंका आल्या, आणि ओटीपेक्षा इथे उजेड चांगला असा शेरा मारून ते गेले. शाळेला मान्यता मिळाली. साहेबांनी रिपोर्टात 'ओटी' खोडून 'प्रशस्त पडवी' लिहिलं. माझ्या फाइलीत त्यांनी जे लिहिलं ते असं : 'सभासंचालनात दुसऱ्यांदा हलगर्जीपणा. सुधारणेस वाव.' पाकिटातलं पत्र मी वाचून, नोंद न करता, नानासाहेबांना परत नेऊन दिलं. नियमाचा तेवढा भंग माझ्या नावावर आहे.

पुढे बरीच वर्षं मी संस्थाचालकांना मार्गदर्शन केलं. पदावर कसं यावं हे त्यांना शिकवावं लागत नाही, ते उपजत असतं. सोडायचं म्हटलं की मात्र बावीस माणसं मध्ये येतात, आणि सगळी प्रेमानेच येतात. माणसाला थांब म्हणणं फुकट असतं. जाऊ द्यायचं तर आधी विचारावं लागतं, तुला खरंच जायचंय का? पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मी हे घातलं होतं. साहेबांनी विषयाला सोडून म्हणून कापलं.

माई त्यानंतर सव्वा वर्ष होत्या. त्या सव्वा वर्षात नानासाहेब शिशुविहाराच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. ना स्नेहसंमेलनाला, ना झेंडावंदनाला. त्यांचा राग अजून गेला नाही, असं लोक मला हळहळून सांगत, आणि मीही मान हलवून म्हणत असे, हो, फारच मनाला लावून घेतलंय त्यांनी.